तळ्यातलं पाणी निवळत का नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बागेतल्या माशांच्या तळ्याबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकी झाडांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊया. बहुतेकांची तक्रार एकच, पाणी स्वच्छ राहत नाही. पण नीट वाचलं तर प्रत्येकाचं कारण वेगळं निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या बंगल्याच्या मागे सिमेंटचा हौद आहे, आठ फूट बाय पाच फूट, खोली अडीच फूट. त्यात चौदा गोल्डफिश आणि चार कोई आहेत. दर पंधरा दिवसांनी पूर्ण हौद रिकामा करतो, ब्रशने घासतो, ब्लीचिंग पावडर टाकून धुतो आणि परत नळाचं पाणी भरतो. आठव्या दिवशी पाणी परत हिरवंगार. मागच्या वेळी धुतल्यावर दोन मासे पण गेले. कुठलं औषध टाकू? (सिंहगड रोड, पुणे)

उत्तर: औषध काही टाकू नका, आणि सगळ्यात आधी हे हौद रिकामा करून घासणं थांबवा. तुमची मेहनत दिसतेय, पण पाणी हिरवं होण्याचं आणि मासे जाण्याचं मोठं कारण तेच आहे.

काय होतं सांगते. मासा जे खातो त्यातला बराच भाग अमोनिया होऊन पाण्यात येतो, जास्त करून कल्ल्यांमधूनच. अमोनिया माशांना विष. हौदाच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यात काही जिवाणू राहतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सुसह्य असतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंगने तो थर संपवताय, म्हणजे तुमचा हौद कायम पहिल्याच आठवड्यात असतो. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, त्यात पकडापकडीचा ताण, मासे जाणारच हो. आणि हिरवं पाणी म्हणजे डोळ्याला न दिसणारं एकपेशीय शेवाळ, त्याला ऊन आणि खत एवढंच पाहिजे, ऊन तुमच्याकडे आहेच आणि खत मासे रोज घालतायत.

तरी खात्री करून घ्या. काचेच्या ग्लासात हौदाचं पाणी घ्या आणि रात्रभर खिडकीत न हलवता ठेवा. सकाळी सगळं पाणी सारखंच हिरवट दिसलं तर शेवाळ. खाली गाळ बसून वरचं पाणी नितळ झालं तर माती. दुधट, धुरकट राहिलं तर जिवाणूंची एकदम वाढ झालीय, नव्या हौदात होते आणि आपोआप जाते. आणि पाणी आरपार दिसतंय पण चहाच्या रंगाचं आहे तर पानांचा अर्क उतरलाय, वर बदाम नाहीतर जांभळाचं झाड असेल, त्याने माशांना त्रास नसतो, फक्त पानं जाळीने काढत राहायची. हे न बघता लोक दुकानातून बाटली आणतात आणि टाकतात, आणि मग बाटली बोगस आहे म्हणतात.

आता हिशोब. आठ गुणिले पाच गुणिले अडीच म्हणजे १०० घनफूट. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, म्हणजे काठोकाठ भरला तर २८०० लिटर, चार बोटं कमी धरली तर अडीच हजार धरून चला. साध्या गोल्डफिशला दीड-दोनशे लिटर आणि कोईला हजार लिटर असा ढोबळ अंदाज असतो, कारण कोई आज वीतभर दिसला तरी वाढून दोन फुटांचा होतो. म्हणजे तुमचे चार कोईच चार हजार लिटरचे मालक आहेत, गोल्डफिश तर वेगळेच. शिवाय कोईला तळ उकरायची सवय, गाळ सारखा वर येतो. कोई कुणा मोठं तळं असणाऱ्याला देऊन टाका, मासेवाले दुकानदारही बऱ्याचदा परत घेतात. नदीत किंवा तलावात मात्र सोडू नका, कितीही दया आली तरी. गोल्डफिश बारा राहिले तर चालेल, त्याहून वाढवू नका.

खाणं किती घालता ते तुम्ही लिहिलं नाही, पण घरातलं प्रत्येक जण येता-जाता मूठभर टाकत असेल, बहुतेक घरी असंच असतं. दिवसातून एकदा, एकाच माणसाने, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. कुरमुरे, पावाचे तुकडे, पोळी, कणकेच्या गोळ्या बंद. त्याने मासे फुगतात आणि उरलेलं तळाशी सडतं. आठवड्यात एक दिवस उपास घडला तर माशांचं काही बिघडत नाही.

पाणी बदलायचंच, पण दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के, म्हणजे तुमच्याकडे अडीचशे ते पावणेचारशे लिटर. आणि ते वरून बादलीने नाही काढायचं, पाइप तळाशी नेऊन ओढून काढायचं म्हणजे गाळ जातो. हे पाणी फेकू नका, जास्वंद, केळ, कढीपत्ता, कशालाही घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना आयतं मिळतं. भरायचं पाणी आदल्या दिवशी ड्रममध्ये उघडं साठवून ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं, घाई असेल तर मासेवाल्यांकडे क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे मिळतात, ते पाकिटावरच्या मापाने.

ऊन कमी करा. दुपारी बारा ते चार थेट ऊन पडत असेल तर ५० टक्केवाली शेडनेट बांधा, आणि कायमचा उपाय म्हणून लिली लावा. पाण्याचा साधारण अर्धा पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की शेवाळाला ऊनही कमी आणि खतातही वाटेकरी आला. लिलीच्या कुंडीत शेणखत खच्चून भरतात, ते करू नका, सगळं पाण्यात उतरतं. साधी पोयट्याची माती, वर बोटभर जाड वाळू आणि त्यावर चार गोटे, म्हणजे मासे उकरणार नाहीत. लिलीला पाच-सहा तास ऊन लागतं, म्हणून शेडनेट तिच्या डोक्यावर नको, सकाळचं ऊन मिळू दे. आणि कारंजाचं पाणी पानांवर पडेल अशी जागा टाळा, तिला स्थिर पाणी आवडतं.

एवढं करूनही पुरणार नाही असं मला वाटतं, तुम्हाला फिल्टर लागेलच. बाजारातला महाग डबा घ्यायलाच पाहिजे असं नाही. २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम घ्या, पण केमिकलचा वापरलेला नको. हौदाच्या तळाशी पंप, तिथून पाणी ड्रममध्ये, आधी जाड स्पंजमधून जाईल आणि गाळ अडेल, मग जिवाणूंना बसायला जागा पाहिजे म्हणून बायोबॉल (प्लास्टिकचे भोकाभोकांचे गोळे), नाहीतर जाळीच्या पिशवीत भरलेल्या प्लास्टिकच्या घासण्या (नव्या, साबण नसलेल्या), नाहीतर शेडनेटच्या गुंडाळ्या. ड्रम हौदापेक्षा उंच ठेवला की पाणी आपोआप परत हौदात पडतं, पडताना हवाही मिसळते. पंप असा घ्या की दर दोन तासांत एकदा सगळं पाणी फिरेल, म्हणजे ताशी बाराशे-तेराशे लिटर, पण खोक्यावर लिहिलेला आकडा उंची शून्य असतानाचा असतो, चार-पाच फूट चढवायचं असेल तर ताशी दोन हजारवाला बघा. तो चोवीस तास चालू ठेवायचा. रात्री बंद करून वीज वाचवतात काही जण, पण ड्रममधलं पाणी तासन् तास थांबलं की तिथला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरायला लागतात.

फिल्टर लवकर चालू व्हावा असं वाटत असेल तर कुणाच्या तरी जुन्या, निरोगी तळ्याच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा आणून तुमच्या ड्रममध्ये ठेवा, विरजण लावल्यासारखं काम करतो. स्पंज धुवायचा तो हौदाच्याच पाण्यात, नळाखाली नाही, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी धुवायचे नाहीत.

यूव्ही लाइटचं बरेच जण विचारतात. हिरव्या पाण्यावर तो खरंच चालतो, पाणी त्याच्यासमोरून गेलं की शेवाळाच्या पेशी मरून गुठळ्या होतात आणि फिल्टर त्या अडवतो. म्हणजे फिल्टर पाहिजेच, नुसता लाइट लावून भागत नाही. ट्यूब साधारण वर्षाने बदलायची, निळी दिसत असली तरी तिची ताकद गेलेली असते. पण माझं मत विचाराल तर आधी मासे, खाणं आणि सावली एवढं तीन महिने सांभाळून बघा. बऱ्याच जणांना मग यूव्हीचा खर्च करावाच लागत नाही.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे, घरासमोर शेततळ्याच्या उरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचं छोटं तळं केलंय, त्यात रंगीत मासे. पाणी हिरवं झालंय. भाऊ म्हणतो बोर्डोसाठी (द्राक्षावरच्या फवारणीसाठी) आणलेलं मोरचूद पडलंय, चिमूटभर टाकलं की दोन दिवसात पाणी काच होईल. टाकू का? (दिंडोरी, नाशिक)

उत्तर: नको. भाऊ म्हणतायत त्यात तथ्य आहे, मोरचूद शेवाळ मारतं, पण त्यातलं तांबं माशांनाही मारतं, आणि शेवाळ मारण्याचा डोस आणि मासे मारण्याचा डोस यात अंतर फार कमी असतं. पाणी जितकं मृदू तितकं ते अंतर अजून कमी. चिमूटभर हे काही माप नाही. त्यात मासे वाचले तरी शेवाळ एकदम मेलं की ते सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर तरंगलेले दिसतात. तांबं उडून जात नाही, तळाच्या गाळात बसून राहतं आणि गोगलगाई पण मारतं, ज्या बिचाऱ्या शेवाळच खात असतात.

अजून एक, बागेत फवारणी असेल त्या दिवशी तळ्यावर ताडपत्री टाकत चला आणि फवाऱ्याचा पंप किंवा बादल्या तळ्याच्या पाण्यात विसळू नका. द्राक्षपट्ट्यातल्या तळ्यांना हा धोका हिरव्या पाण्यापेक्षा मोठा आहे. बाकी उपाय वर पुण्याच्या उत्तरात आहेत तेच.

प्रश्न: कालपासून पाऊस सुरू झाला आणि तळं लालभडक झालं, मासे दिसतच नाहीत. शेजारच्या आजी म्हणतात तुरटी फिरवा. (संगमेश्वर)

उत्तर: आधी पाणी येतंय कुठून ते बघा, छत्री घ्या आणि पाऊस चालू असतानाच बघा. जांभ्याची लाल माती वाहून येतेय म्हणजे तळ्याची कड आजूबाजूच्या जमिनीला टेकलेली आहे. कड वीतभर उंच करा, वरच्या अंगाला एक छोटा चर खणून पाणी बाजूला काढा, आणि काठाची उघडी माती झाका, गवत लावा किंवा जांभ्याचे तुकडे बसवा. हे केलं नाही तर आत काहीही टाकलं तरी पुढच्या सरीला परत तेच.

आजींचा अनुभव पिण्याच्या पाण्याच्या कळशीचा आहे आणि तिथे तो बरोबर आहे. पण तुरटीने पाण्याची आम्लता वाढते, आणि कोकणात पाणी मुळात मृदू, ती आम्लता झेलायला त्यात क्षार नसतात, सामू (पीएच) एकदम खाली येतो आणि माशांना झटका बसतो. निवळीची बी उगाळून घालायची जुनी पद्धत आहे, तीही घागरीसाठी ठीक, अख्ख्या तळ्यासाठी बी उगाळत बसलात तर तो सगळा सेंद्रिय माल पाण्यात सडणार. त्यापेक्षा बारीक स्पंजचा किंवा फायबर वूलचा फिल्टर दोन-चार दिवस लावा, खाणं निम्मं करा आणि थांबा. लाल पाण्यात मासे दिसत नसले तरी बहुतेक ठीक असतात, पाऊसपाण्याने थंडावा आणि हवा दोन्ही मिळत असते. पन्हळीचं पहिल्या पावसाचं पाणी मात्र तळ्यात सोडू नका, कौलांवरची वर्षभराची घाण त्यात असते.

प्रश्न: ताई, अर्जंट आहे. मे महिना, पाणी हिरवं आहे पण संध्याकाळपर्यंत मासे मस्त फिरतात, सकाळी पाचला उठून पाहतो तर सगळे वर तोंड काढून उघडझाप करून राहिले. काल एक गेला. (नागपूर)

उत्तर: हा ऑक्सिजनचा प्रश्न आहे, आणि आज रात्रीच उपाय करा. हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेही माशांसारखंच ऑक्सिजन घेतं, म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो. त्यात तुमच्याकडचं ऊन. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाच्या पाण्यात जेमतेम ७, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त.

घरात कूलरचा पंप पडलेला असेलच, तो लावा, पाइपचं तोंड पाण्याच्या वर धरून पाणी फुटून खाली पडेल असं बांधा. ही तात्पुरती सोय आहे, तो पंप रात्रंदिवस वर्षभर चालवायला केलेला नसतो, आठवड्याभरात चांगला एअर पंप किंवा तळ्याचा पंप आणा. आणि तळ्यातली कुठलीही मोटर ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच जोडा, पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढा, लहान मुलं घरात असतील तर हे दोनदा वाचा.

संध्याकाळचं खाणं बंद, सकाळी आठ-नऊनंतर थोडंसं द्या, पचवायलाही ऑक्सिजन लागतो. तळ्यावर हिरवी नेट बांधा. पाणी अर्धं काढून एकदम थंड बोअरचं भरू नका, बोअरच्या पाण्यात सुरुवातीला ऑक्सिजन कमी असतो, ते शॉवरसारखं उंचावरून पडेल असं सोडा आणि एका वेळी थोडंच. शेवाळ मारायचं औषध या दिवसांत अजिबात नाही, ते मेलं तर उरलेले मासेही जातील. पावसाळा लागला, पाणी थंड झालं, की मग सावकाश पाणी निवळवायच्या मागे लागा.

प्रश्न: ताई, मी अकरावीला आहे. पाणी एकदम क्लिअर आहे पण भिंतींवर आणि दगडांवर केसांसारखं लांब शेवाळ येतंय. बाबांनी यूव्ही लावून दिला, काही फरक नाही. आणि नर्सरीवाल्या काकांनी जलपर्णी दिलीये, ती पाणी साफ करते म्हणाले, टाकू का? (कोल्हापूर)

उत्तर: यूव्हीसमोरून जे वाहत जातं त्याच्यावरच तो काम करतो, दगडाला चिकटलेलं शेवाळ त्याच्यासमोर जातच नाही, म्हणून फरक पडला नाही. एक खरखरीत काठी घे, शेवाळात घालून गोल फिरव, शेवयांसारखं गुंडाळून वर येतं. दर रविवारी दहा मिनिटं दिलीस तरी पुरे. काढलेलं शेवाळ थोडा वेळ काठावरच ठेव, त्यात अडकलेले छोटे जीव परत पाण्यात जातात, मग कुंडीत खत म्हणून घाल. भिंतीवरचा आखूड हिरवा मखमली थर मात्र खरवडू नकोस, तो चांगला आहे, पाण्यातलं खत तोच ओढून घेतो आणि मासे त्याच्यावर चरतात.

जलपर्णीबद्दल काका बोलले ते खरंय, तिची मुळं पाण्यातलं खत भराभर शोषतात. पण तुझ्या गावात तिने पंचगंगेचं आणि रंकाळ्याचं काय केलं ते तू बघितलंच असशील. मूळची दक्षिण अमेरिकेतली, इथे तिला खाणारं काही नाही, आणि थोड्याच दिवसांत दुप्पट होते. पावसात तळं भरून वाहिलं आणि एक रोप ओढ्यात गेलं तरी पुरे. मी तर म्हणेन आणूच नकोस. तिच्याऐवजी वेखंड किंवा कर्दळ कुंडीसकट काठाच्या उथळ पाण्यात ठेव, मुळं पाण्यात राहू देत, तेवढंच काम करतात आणि कुठे पळून जात नाहीत. दिलेली जलपर्णी उन्हात पूर्ण वाळव आणि कंपोस्टमध्ये टाक. नाल्यात नाही.

प्रश्न: गणपतीत शाडूची छोटी मूर्ती घरच्याच माशांच्या तळ्यात विसर्जित केली तर चालेल का? नाहीतर ते पावडर टाकून विरघळवायचं करतात तसं? (डोंबिवली)

उत्तर: माशांच्या तळ्यात दोन्ही नको. शाडू इतका बारीक असतो की मासे तो सारखा ढवळत राहतात आणि पाणी महिनाभर दुधट राहतं, कल्ल्यांवरही बसतो, आणि रंग असेल तर अजून वाईट. पावडरचं म्हणताय ते अमोनियम बायकार्बोनेट, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली पद्धत आहे आणि ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी आहे, शाडूला गरजच नाही. वेगळ्या बादलीत उत्तम, पण माशांच्या पाण्यात ते टाकणं म्हणजे थेट अमोनिया ओतणं, काही तासांत सगळे मासे जातील.

मोठं टब किंवा बादली घ्या, तळ्याशेजारीच ठेवा, आरती तिथेच करा. शाडू दोन-तीन दिवसांत विरघळतो, वरचं पाणी बागेत आणि माती कुंड्यांत, किंवा वाळवून पुढच्या वर्षीच्या मूर्तीला. निर्माल्यातली फुलं पण तळ्यात नकोत, विशेषतः बाजारातली, त्यांच्यावर फवारे मारलेले असतात.

प्रश्न: सोसायटीच्या बागेत तळं आहे, डेंग्यूच्या भीतीने कमिटी ते बुजवायचं म्हणतेय. पाणी स्वच्छ ठेवलं तर डास होणार नाहीत ना? (ठाणे)

उत्तर: स्वच्छ पाण्याने डास थांबत नाहीत, डेंग्यूचा एडिस डास तर साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. डास थांबवतात मासे. गप्पी मासे सोडा, बऱ्याच महापालिकांचा हिवताप विभाग ते फुकट देतो, आपल्या वॉर्डच्या आरोग्य केंद्रात विचारा. गोल्डफिशही अळ्या खातात पण काठाच्या उथळ, गवताळ कोपऱ्यात गप्पीच पोचतात. हेही मासे नैसर्गिक तलावात सोडायचे नाहीत, तिथले स्थानिक मासे मागे पडतात.

कमिटीला तळ्यावर घेऊन जा आणि पांढऱ्या कपात चार-पाच ठिकाणचं पाणी काढून दाखवा, अळ्या असतील तर वळवळताना लगेच दिसतात. मग तसंच कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, एसीच्या पाण्याचे डबे, बंद पडलेली कारंजी यांतलं पाणी काढून दाखवा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे सगळं आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडं करायचं, आणि त्यासाठी एक वार ठरवून नोटीस बोर्डावर लावायचा.